कॉफीहाउस मिस्ट्रीज ही रहस्यकथांची मालिका कुठून सुरू करायची?

हाताला लागेल तो भाग उचलू नकोस. २००३ चं ‘ऑन व्हॉट ग्राउंड्स’ आधी वाच. प्रत्येक पुस्तकातला खून तिथेच निकालात निघतो, पण न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये कॉफीहाउस चालवणारी क्लेअर कोझी, कॉफीच्या खरेदीसाठी जगभर भटकणारा तिचा घटस्फोटित नवरा मॅटिओ आणि डिटेक्टिव्ह माइक क्विन यांच्यातली ओढाताण पुस्तकागणिक पुढे सरकते. उलटसुलट वाचलंस तर तीच मजा जाते. (मला तर खुन्यापेक्षा या ओढाताणीचीच उत्सुकता जास्त!) रक्तपात हवा असेल तर मात्र या वाटेला जाऊ नकोस. इथे एस्प्रेसो काढण्याचं रसभरीत वर्णन येतं, शेवटी पाककृतीही असतात. लेखिका म्हणून छापलेलं क्लिओ कॉइल हे टोपणनाव आहे. लिहितात अ‍ॅलिस अल्फोन्सी आणि मार्क सेरासिनी हे नवरा-बायको.