वाड्याच्या दगडी पायऱ्या कोणी दुरुस्त करायच्या?

प्रश्न : पुण्यात पेठेतल्या जुन्या वाड्यात आम्ही चार भाडेकरू आहोत. भाडं प्रत्येकी तीनशे रुपये. अंगणातून वर येणाऱ्या दगडी पायऱ्यांचा लोखंडी कठडा कधीच मोडला, पण त्याचे गंजलेले खुंट दगडात तसेच आहेत. दोन पायऱ्यांच्या कडा फुटल्या आहेत. सासूबाई तिथे पडता पडता वाचल्या. मालक म्हणतात, ‘मी करणार नाही आणि तुम्ही हात लावलात तर घर खाली करावं लागेल.’ काय करावं?

उत्तर : ताई, खुंट आजच्या आज कापून टाकावेत असं वाटणं स्वाभाविक आहे. पण आधी नोटीस, मग छिन्नी. हा क्रम चुकला तर तुमचा हक्कच लंगडा पडतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार जागा राहण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूने करारात वेगळं कबूल केलं असेल तरच अपवाद, म्हणून जुना करारनामा आणि भाडेपावत्यांची मागची बाजू आधी वाचा. चौघांनी मिळून किमान 15 दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. त्यानंतरही वाजवी काळात काही झालं नाही, तर दुरुस्ती तुम्ही करून खर्च भाड्यातून वळता करू शकता. हिशेब आणि पावत्या जपा, खर्चाचा पुरावा म्हणून त्या मालकावर बंधनकारक असतात.

मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. तुमचं वर्षाचं भाडं 3,600, म्हणजे वर्षाला 900 रुपये; चौघांचे मिळून 3,600. जुन्या भाड्यांवर हा कायदा इतकाच तोकडा पडतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. उरलेलं भाडं मात्र वेळेवर भरा. जास्त कापलंत तर मालक थकबाकीचा दावा लावतील.

‘तुम्हीच पायऱ्या फोडल्या’ असं मालक म्हणू शकतात. त्याला उत्तर त्या खुंटांतच आहे. लोखंड गंजलं की फुगतं आणि आतून दगड तडकवतं. भेगा खुंटाभोवतीच असतील तर दोष वापराचा नाही. काम सुरू करण्याआधी तारखेसह जवळून फोटो काढा आणि पाथरवटाकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. कापलेलं लोखंड भंगारात विकू नका, ते मालकाचं आहे; पोच घेऊन परत द्या. आहे ती पायरी सांधणं ही दुरुस्ती. नवा कठडा किंवा सिमेंटचा ओटा करायचा असेल तर मालकाची लेखी संमती हवीच, कारण संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर कलम 16 खाली जागा खाली करून मागता येते. वाडा वारसा यादीत असेल तर महापालिकेच्या वारसा कक्षात आधी विचारा.

महापालिकेकडे तक्रार करताना फार जपून लिहा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली आयुक्त धोकादायक भाग दुरुस्त करायला लावू शकतात. पण अर्जात ‘वाडा धोकादायक’ असं लिहाल तर इमारत पाडण्याचा आदेश निघू शकतो आणि तोच आदेश तुम्हाला बाहेर काढायला मालकाच्या कामी येतो. म्हणून फक्त पायऱ्यांबद्दल, फोटो जोडून लिहा.

नोटिशीचा मसुदा स्थानिक वकिलांकडून तपासून घ्या. तोवर प्रत्येक खुंटावर जाड कापड घट्ट बांधा आणि पायरीजवळ रात्री दिवा लावा.