खालचं वाचू नका म्हणे!

या महिन्यात एकाच विषयावर, म्हणजे इंटरनेटवर बातम्या-व्हिडिओंखाली लोक लिहितात त्या कमेंटींवर, चार पत्रं आली, म्हणून बाकीच्यांची उत्तरं पुढच्या अंकात. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच: नाशिकच्या एका दैनिकात एकोणीस वर्षं मी वाचकांच्या पत्रव्यवहाराचं टेबल सांभाळलं, आणि निवृत्तीआधीची सहा वर्षं त्याच दैनिकाच्या संकेतस्थळावर लोकांच्या कमेंटी तपासल्या. अनेकवचन ‘कमेंट्स’ करायचं की ‘कमेंटी’, यावरून कार्यालयात दोन तट होते. मी कमेंटी गटातली.

प्रश्न : ताई, मी दोन वर्षांपासून यूट्यूबवर आमच्याकडच्या पद्धतीचे पदार्थ दाखवते. मागच्या महिन्यात अख्खा मसूरचा व्हिडिओ टाकला. त्याखाली एकानं लिहिलं, ‘आधी मराठी बोलायला शिका’. दुसरा माझ्या हातांच्या रंगावर घसरला. मुलगा म्हणतो, कमेंट बंद करून टाक. मिस्टर म्हणतात, खालचं वाचूच नकोस. काय करू? – एक गृहिणी, इस्लामपूर

मिस्टरांचा सल्ला मायेचा आहे, पण कामाचा नाही. तुम्ही वाचलं नाही तरी व्हिडिओ बघायला आलेली प्रत्येक बाई ते वाचणारच आहे.

व्हिडिओ मी पाहिला आणि खालच्या सगळ्या कमेंटी वाचल्या, जुनी खोड. एकूण २१२. त्यांतल्या वाईट नऊ, आणि नवापैकी चार एकाच माणसाच्या. तुमच्या पत्रात मात्र त्या नऊच आहेत. एका बाईनं विचारलंय, ‘मसूर रात्रभर भिजवला तर शिजताना फुटून पिठूळ होतो, किती तास ठेवायचा?’ तिला तीन आठवडे उत्तर नाही. आधी तिला उत्तर द्या आणि ते पिन करून वर ठेवा. पहिली दिसणारी कमेंट कामाची असली की खालचे लोकही जरा सावरून बसतात, हा माझा अनुभव.

आता त्या नऊंचं. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये ‘कम्युनिटी’त जा. तिथे ‘ब्लॉक्ड वर्ड्स’ असा रकाना आहे. नको ते शब्द त्यात स्वल्पविराम देऊन भरा. देवनागरीत भराच, पण इंग्रजी अक्षरांतही भरा. शिव्या देणारा माणूस कीबोर्ड बदलायच्या फंदात पडत नाही. असे शब्द असलेल्या कमेंटी परस्पर दिसत नाहीत, बाजूला थांबतात. तुम्ही पाहून सोडायच्या किंवा काढायच्या. आणि त्या चार कमेंटीवाल्यासाठी ‘हाइड युजर फ्रॉम चॅनल’ हे बटण. त्याला तसं कुणी कळवत नाही. तो लिहीत राहतो, आणि ते बाकी कुणाला दिसत नाही. हे बटण मला १९९८ साली मिळायला हवं होतं.

मराठीचं म्हणाल तर तुम्ही व्हिडिओत ‘मसूर शिजाय लागला की’ म्हणता. ती चूक नाही, ते इस्लामपूर आहे. तसंच म्हणत राहा.

प्रश्न : मी पुण्यात पत्रकारिता शिकतो. वर्गात सर म्हणाले, कमेंट सेक्शन म्हणजे इंटरनेटचं गटार आहे. परदेशातल्या मोठ्या वृत्तसंस्थांनी ते केव्हाच बंद केलं. निनावी लिहू दिल्यामुळे हे झालं, खरं नाव सक्तीचं केलं तर सुधारेल, असंही ते म्हणाले. हे बरोबर आहे का? – एक विद्यार्थी

तुझ्या सरांचं अर्धं बरोबर आहे. पण आधी तुला माझ्या टेबलाचे खण दाखवते.

स्टीलचं टेबल होतं, उजवीकडे तीन खण. वरच्यात उद्याच्या पानाला लागणारी पत्रं. मधल्यात ‘बघू’. खालच्यात शिव्या. दिवसाला साठ-सत्तर पत्रं यायची आणि पानावर जागा पाच-सहांची. ‘पूर्ण नाव व पत्ता नसलेली पत्रे छापली जाणार नाहीत’ अशी चौकट आम्ही रोज छापायचो, तरी निनावी पोस्टकार्डं थांबत नसत. एक गृहस्थ तर सात वर्षं, दर सोमवारी, त्याच टपोऱ्या अक्षरात संपादकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. पत्त्याच्या जागी लिहीत, ‘तुम्हांस ठाऊक आहे’. आम्हाला ठाऊक नव्हतं. एका पावसाळ्यात कार्डं बंद झाली. खोटं कशाला सांगू, पुढचे दोन-तीन सोमवार मला चुकल्यासारखं वाटलं.

तेव्हा ‘पूर्वी वाचक किती सभ्य लिहायचे’ असं कुणी म्हणालं की मला तो खालचा खण आठवतो. पानावर दिसायचा तो वरचा. संकेतस्थळावर कमेंट सुरू झाल्या तेव्हा त्या आधी दिसायच्या आणि मग मी वाचायची. दिवसाला हजार-दीड हजार, वाचणारी मी एकटी, आणि संध्याकाळी सहानंतर कुणीच नाही. खालचा खण थेट पानावर उपडा केल्यासारखं ते झालं. माणसं तीच होती, टेबल गेलं होतं.

आता बंद करणाऱ्यांचं. ‘पॉप्युलर सायन्स’नं सप्टेंबर २०१३ मध्ये कमेंट बंद केल्या, रॉयटर्सनं २०१४ मध्ये बातम्यांखालच्या, अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओनं ऑगस्ट २०१६ मध्ये. एनपीआरनं तेव्हा दिलेले आकडे मी वहीत लिहून ठेवलेत. जुलै २०१६ मध्ये त्यांच्या संकेतस्थळावर सुमारे ३ कोटी ३० लाख लोक येऊन गेले. कमेंटी पडल्या ४ लाख ९१ हजार. आणि त्या लिहिणारे फक्त १९,४००. म्हणजे माणशी पंचवीस! ‘लोक किती घाणेरडं लिहितात’ असं आपण म्हणतो, पण त्यातले ‘लोक’ एवढेच असतात. तेही सगळे घाण करणारे नव्हेत.

घाण कुणावर पडते, हेही बघायला हवं. ‘द गार्डियन’नं २०१६ मध्ये आपल्याकडच्या ७ कोटी कमेंटी तपासल्या. सर्वांत जास्त गलिच्छ कमेंटी आलेल्या दहा लेखकांत आठ स्त्रिया आणि दोन कृष्णवर्णीय पुरुष निघाले. त्यांचे नियमित स्तंभलेखक बहुतेक गोरे पुरुष, तरी या दहांत गोरा पुरुष एकही नाही. इस्लामपूरच्या बाईंच्या हातांचा रंग आठव. ‘गटार’ म्हटलं की वाटतं, सगळ्यांवर सारखंच उडतंय. तसं नसतं.

आणि उलट उदाहरण ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं. तिथे चौदा माणसं दिवसाला अकरा हजारांच्या आसपास कमेंटी छापण्याआधी वाचायची. एवढ्या मनुष्यबळात दहातल्या एकाच लेखाखाली कमेंट उघडी ठेवणं झेपायचं. २०१७ मध्ये त्यांनी मदतीला यंत्र घेतलं, आणि मग जास्त लेख उघडले. तिथल्या कमेंटी लोक मुद्दाम वाचायला जातात. तिथले वाचक काही संतांच्या कुळातले नाहीत, त्यांना टेबल आहे.

खऱ्या नावाची सक्ती दक्षिण कोरियानं करून पाहिली आहे. २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहायचं तर ओळख पटवणं कायद्यानं भाग होतं. शिव्या म्हणाव्या तशा कमी झाल्या नाहीत. २०११ मध्ये एका पोर्टलवर हल्ला होऊन साडेतीन कोटी लोकांची माहिती मात्र चोरीला गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं तो कायदा रद्द केला. आणि फेसबुकवर बघ ना, आडनावासकट, लग्नातला फेटा घातलेला फोटो लावून माणसं काय काय लिहितात!

शिवाय मराठीत टोपणनाव ही काही हलकी गोष्ट नाही. १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावानं शंभरावर पत्रं आली. ब्राह्मणांच्या कर्मकांडापासून विधवांच्या हालांपर्यंत सगळ्यावर कोरडे ओढणारी. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर होते. आज त्यांना ट्रोल म्हणणारे निघाले असते. फरक इतकाच की मध्ये भाऊ महाजनांसारखा संपादक बसला होता.

सरकारी नोकरांवरून माझ्या आयुष्यातली सर्वांत मोलाची कमेंट आठवली. ऑगस्टचा महिना. आमची बातमी होती, ‘भंडारदरा भरले, लाभक्षेत्राची चिंता मिटली’. तिच्याखाली नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा, जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही, यावर साठेक कमेंटी आणि त्यांत एकमेकांच्या आया-बहिणी. मी काढत काढत खाली चालले होते. मधेच ‘पाटकरी’ (म्हणजे कालव्याचं पाणी वाटणारा सरकारी माणूस) असं नाव घेतलेल्या एकाची कमेंट लागली. शब्द साधारण असे होते : ‘धरण भरले म्हणजे तलावात पाणी आले. टेलच्या माणसाला आले का, ते चारीवर जाऊन विचारा. पाळी टेलकडून हेडकडे द्यायची असते. वरच्याने रात्री दार उघडले की खालच्याचे आवर्तन गेले. सात नंबरचा अर्ज भरलेला माणूससुद्धा रात्री दोनला बॅटरी घेऊन चारीवर बसतो.’

शहरातल्यांसाठी सांगते : हेड म्हणजे कालव्याची सुरुवात, टेल म्हणजे शेवटचं टोक, चारी म्हणजे शेतांकडे जाणारा छोटा पाट, आवर्तन म्हणजे कालव्याचं पाणी मिळण्याची पाळी, आणि सात नंबर म्हणजे पाणी मागायचा अर्ज.

तीन लाइक. शिव्यांना चाळीस-चाळीस.

ती मी आमच्या वार्ताहराला दाखवली. तो दोन रात्री चारीवर जाऊन बसला आणि पुढच्या रविवारी अर्धं पान झालं. छापायच्या आधी मी त्या पाटकऱ्याला ईमेलवर विचारलं, नाव देऊ का? उत्तर आलं, ‘मी रिटायर आहे, पण मुलगा त्याच खात्यात आहे.’ सरांना सांग, खऱ्या नावाची सक्ती असती तर ही कमेंट आलीच नसती. शिव्या देणारे आलेच असते, त्यांचे मुलगे कुठल्याच खात्यात नव्हते.

उपाय विचारशील तर एक मला फार आवडला. नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ‘एनआरकेबीटा’ या तंत्रज्ञान विभागानं २०१७ मध्ये काही लेखांखाली तीन सोपे प्रश्न ठेवले, लेखातलेच. उत्तरं आली तरच कमेंट लिहायची. नुसता मथळा वाचून तलवार उपसणारा तिथेच अडतो, आणि निदान तेवढ्या वेळात त्याचा पारा उतरतो. आपल्याकडे शोधायचं तर मराठी संस्थळांवर जा. मायबोली १९९६ पासून आहे, मिसळपाव २००७ पासून. तिथे ‘धागा’ (एका विषयावरची चर्चा), ‘अवांतर’ (विषय सोडून), ‘डुआयडी’ (एकाच माणसाचं दुसरं खातं), ‘पिंक टाकणे’ (जाता जाता शेरा मारणे), ‘काडी टाकणे’ (मुद्दाम भांडण पेटवणे) अशी अख्खी परिभाषा तयार झाली. भांडणाला शब्द सापडले की ते थोडं आवरतं. ‘ऐसी अक्षरे’वर प्रतिसादांना ‘मार्मिक’, ‘माहितीपूर्ण’, ‘खवचट’, ‘निरर्थक’ अशा श्रेणी मिळतात. ‘खवचट’ ही श्रेणी सुचणारी भाषा आपली आहे, याचा मला अभिमान वाटतो. भांडणं तिथेही कडाक्याची होतात, पण धागा फार पेटला की कुणीतरी येऊन तो वाचनमात्र करतं, म्हणजे पुढे लिहिणं बंद.

प्रश्न : आमच्या गावच्या शाळेच्या बातमीखाली मी लिहिलं की नव्या इमारतीचे दोन वर्ग गळतात, कंत्राटदारानं पैसे खाल्ले. संस्थेच्या एका माणसाचा फोन आला, ‘कमेंट काढा, नाहीतर अटक होईल.’ होते का? – निवृत्त शिक्षक, चिपळूण

गुरुजी, नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला झाली होती. मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या एका मुलीला आणि ते नुसतं लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पकडलं होतं. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. बदनामी आणि धमकीची कलमं मात्र आहेत, आता भारतीय न्याय संहितेत. पहिलं तुम्हाला कुणी लावू पाहील, दुसरं त्या फोनवाल्याला लागू शकेल. एखाद्या वकिलाला दोन्ही बाजू दाखवून ठेवा.

तुमची कमेंट मात्र दुरुस्त करा. ‘कंत्राटदारानं पैसे खाल्ले’ हे तुम्ही पाहिलेलं नाही, ते वाक्य काढा. ‘अमुक तारखेला पाचवीच्या वर्गात मुलांच्या दप्तरांवर पाणी पडत होतं’ हे तुम्ही पाहिलंय, ते तारखेसह ठेवा. फोटो असेल तर जपून ठेवा, फोन आल्याची वेळ लिहून ठेवा. तुम्ही ३४ वर्षं मुलांची उत्तरं तपासलीत, ही पण तशीच तपासा.

प्रश्न : आमचे हे रिटायर झाल्यापासून रात्री एकपर्यंत क्रिकेटच्या बातम्यांखाली भांडत बसतात. घरात मुंगीला दुखावणार नाहीत, पण तिथे काय लिहितात ते मला वाचवत नाही. – डोंबिवली

वहिनी, रात्री नऊ ते एक ही माझ्या अनुभवात सगळ्यांत वाईट वेळ, आणि त्या वेळचे माझे बरेचसे गिऱ्हाईक तुमच्या ह्यांच्यासारखेच. एकाच्या कमेंटी मी महिनाभर रोज काढत होते. शेवटी कंटाळून त्याला लिहिलं, ‘मुद्दा बरोबर आहे. तिसरं वाक्य काढा आणि पुन्हा टाका, ठेवते.’ दहा मिनिटांत तिसरं वाक्य काढून कमेंट परत आली. सोबत एक ओळ होती, ‘कुणी वाचतं हे माहीत नव्हतं.’ पुढे ते गृहस्थ रणजी सामन्यांवर इतकं बारकाईनं लिहायला लागले की क्रीडा विभागातली पोरं त्यांची वाट बघायची.

तेव्हा एक दिवस ह्यांच्या शेजारी बसा, मोबाइल मागून घ्या आणि म्हणा, वाचून दाखवते. मोठ्यानं वाचा. तिसऱ्या वाक्याशी ते स्वतःच थांबवतील असा माझा अंदाज आहे. काय झालं ते मला कळवा. सामना असेल त्या दिवशी मात्र हा प्रयोग करू नका.