सगळं एकाच सोमवारी नको

ख्रिस्ती विश्वासात नवे आहात आणि आयुष्यातलं सगळं एकदम बदलायचंय, हे तुमच्या बोलण्यातून कळलं. उत्साह राहू द्या, पण पहाटे चारची प्रार्थना, उपास आणि वर्षभरात अख्खं पवित्र शास्त्र (बायबल) असं एकत्र सुरू करू नका. बरेच जण लेवीय या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकापाशीच अडकतात.

आधी मार्क, म्हणजे येशूच्या जीवनावरचं मार्ककृत शुभवर्तमान वाचा. सोळाच अध्याय, रोज एक. मग पौलाच्या रोमकरांस पत्रातलं 12:2 (अध्याय 12, वचन 2) सावकाश. पौल तिथे मनाच्या नवीकरणाबद्दल बोलतो; सवयी त्यामागून येतात.

एकटे राहू नका, ही मात्र कळकळीची विनंती. पुण्यात मराठी उपासना सहज सापडेल. राग, पैसा, मोबाइल यांबद्दल खरं सांगता येईल असा मंडळीतला एक तरी माणूस जोडा.

दुसऱ्यांच्या साक्षी, म्हणजे ते विश्वासात कसे आले त्याच्या कहाण्या, ऐकून स्वतःला मोजणं, ही नव्यांची नेहमीची चूक. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये झाला. ख्रिस्त खऱ्या अर्थाने गवसायला पुढे काही वर्षं गेली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. सुट्टीत पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांनी निराधार स्त्रियांसाठी उभारलेलं मुक्ती मिशन बघून या, रेल्वेने जाता येतं.

घरच्यांना उपदेश आत्ता नकोच. (शब्दांपेक्षा घासलेली भांडी लवकर दिसतात.) आणि प्रकटीकरण हे बायबलमधलं शेवटचं, गूढ पुस्तक पुढच्या वर्षी!