‘जा ना भाऊ, काही प्रॉब्लेम नाही’ हे मेलवर घ्या

नोटीस पूर्ण न करता नोकरी कशी सोडायची, हा तुमचा प्रश्न वाचून माझंच जुनं रडगाणं वाचतोय असं वाटलं. तुमची नोटीस 60 दिवसांची, नवी कंपनी महिन्याभरात बोलावून राहिली, आणि साहेब तोंडी म्हणतात, "जा ना भाऊ, काही प्रॉब्लेम नाही." राजीनामा कसा लिहायचा ते सांगत बसत नाही. चार ओळींचा असतो, तुम्हाला येतो.

साहेबांचं ते वाक्य मात्र आजच मेलवर घ्या. कोणत्या तारखेला सोडतात आणि उरलेली नोटीस माफ की पगारातून कापणार, एवढं त्यात पाहिजे.

मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून असाच लवकर सुटलो. संत्रा बर्फी वाटली, साहेब गेटपर्यंत आले, सगळं गोड. पण ऑफिसातल्या बाबूने पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली ती पूर्ण नोटीस धरून. म्हणजे कागदोपत्री मी एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला! पीएफ ट्रान्सफरचा अर्ज सर्व्हिस ओव्हरलॅप म्हणून परत आला. दुरुस्तीला तेव्हा जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे आपला आणि कंपनीचा मिळून अर्ज, भरावा लागला, आणि त्याला मंजुरी लागली जुन्या कंपनीचीच. म्हणजे पुन्हा तोच बाबू. "सर सुट्टीवर आहेत." "डिजिटल सही एक्स्पायर झाली." "मेल टाकून ठेवा ना." अरे, मेल टाकून टाकून बोटं झिजली! शेवटी स्टोअरमधल्या एका जुन्या भाऊंनी शब्द टाकला, तेव्हा कुठे ती सही सापडली.

त्यामुळे माझं स्पष्ट मत: साहेबांशी गोड राहाच, पण खरं सांभाळायचं ते हजेरी-पगार पाहणाऱ्या माणसाला. शेवटच्या आठवड्यात त्याच्या टेबलाशी बसा, तो मेल दाखवा, तारीख लिहून द्या. त्याने तारीख टाकलीच नाही तर एक वेळ परवडलं. शेवटच्या पीएफ भरण्याला दोन महिने झाले की आधारच्या ओटीपीने ती आपल्याला टाकता येते. चुकीची टाकली की मात्र वैताग.

मी सीए नाही की वकील नाही, नियमही बदलत राहतात, तेव्हा एकदा खात्री करून घ्या. पण पाच वर्षं भरायला थोडेच दिवस उरले असतील तर लवकर सुटायची घाई करू नका. ग्रॅच्युइटी, म्हणजे सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, कायम नोकरीत सलग 5 वर्षांवर मिळते, दर वर्षाला 15 दिवसांच्या पगाराच्या हिशोबाने. कंपनीचा मेडिक्लेमही नोकरीसोबत जातो; घरी म्हातारी माणसं असतील तर आधीच स्वतःची पॉलिसी पाहा.

आणि एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये, म्हणजे जाताना कंपनी ‘का सोडता’ विचारते तिथे, मन मोकळं करायला जाऊ नका, राजेहो. तिथे कोणी काही सुधारत नाही, फक्त तुमचं नाव लक्षात ठेवतात.

साहेबांचं उत्तर आलं की ते लगेच स्वतःच्या खासगी मेलवर पाठवून ठेवा, कंपनीत त्याला मनाई नसेल तर. नाहीतर प्रिंट काढून सही घ्या. कंपनीचा मेल आयडी शेवटच्या दिवशी दुपारीच बंद करून टाकतात.