क्वार्टरबॅक म्हणजे काय लाडोबा?

प्रश्न: मुलीकडे मिनियापोलिसला आले आहे. रविवारी नातवाशेजारी बसून इथल्या व्हायकिंग्ज संघाचे अमेरिकन फुटबॉलचे सामने बघते. मैदानात सगळे एकमेकांवर रेड्यासारखे आदळतात, कोणी हूं की चूं करत नाही. पण त्या चेंडू फेकणाऱ्यावर कोणी जरा जोरात पडलं की लगेच पंचांचा पिवळा रुमाल! नातू म्हणतो, "आजी, तो क्वार्टरबॅक आहे." मग? लाडोबा लागून गेला का?
— एक आजी, नाशिक

उत्तर: लाडोबा तर आहेच, आजी. सरावातसुद्धा त्याला वेगळ्या रंगाची जर्सी घालतात, म्हणजे याला कोणी हात लावायचा नाही. पण चेंडू फेकतानाचा त्याचा क्षण एकदा नीट बघा. नजर वीस-तीस यार्ड पुढे पळणाऱ्या गड्यावर, हात कानामागे, बरगड्या उघड्या, पुढचा पाय रोवलेला. तेवढ्यात सव्वाशे किलोचा गडी बाजूने येऊन धडकतो. चेंडू घेऊन पळणारा निदान अंग चोरतो, खांदा पुढे करतो. याला तेही जमत नाही. आपल्या कबड्डीत चढाईवाल्याला सातही जण समोर दिसतात. याला मागून येणारा दिसतच नाही.

म्हणून चेंडू सुटल्यावर उशिरा धडकलात, डोक्या-मानेवर आदळलात, गुडघ्यावर झडप घातलीत, की 15 यार्डांचा दंड आणि समोरच्यांना पुढे सरकायला नव्याने चार प्रयत्न. गुडघ्याचं कलम टॉम ब्रेडी या क्वार्टरबॅकमुळे आणखी कडक झालं. 2008 च्या पहिल्याच सामन्यात जमिनीवर पडलेला बचावपटू तसाच पुढे झेपावला, ब्रेडीच्या डाव्या गुडघ्यावर आला आणि ब्रेडीचा अख्खा हंगाम गेला. पुढच्या वर्षी अशा झेपेवर बंदी आली.

आता माझं दुखणं सांगतो. मी मिलवॉकीचा, म्हणजे ग्रीन बेच्या पॅकर्स संघवाला. 15 ऑक्टोबर 2017, दिवाळी चार दिवसांवर. घरात चकल्या चालल्या होत्या, मी टीव्हीसमोर. आमचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स उजवीकडे पळाला, पळता पळता चेंडू फेकला आणि तुमच्या व्हायकिंग्जच्या अँथनी बारने त्याला घेऊन जमीन गाठली. सगळा भार उजव्या खांद्यावर, म्हणजे फेकायच्याच हातावर. कॉलरबोन मोडलं. रुमाल पडला नाही. मी असा ओरडलो की बायको हातात सोऱ्या घेऊनच बाहेर आली, "कोण गेलं?"

2018 च्या हंगामात फर्मान निघालं: क्वार्टरबॅकवर पूर्ण अंगाचा भार टाकून पडायचं नाही, हा नियम आता कडक पाळायचा. मी टाळ्या वाजवल्या. 16 सप्टेंबरला त्या टाळ्या अंगाशी आल्या. ग्रीन बेला आम्ही 29-21 ने पुढे, दोन मिनिटंही उरली नव्हती, व्हायकिंग्जचा क्वार्टरबॅक कर्क कझिन्स याचा चेंडू आमच्या पोराने मधल्यामध्ये झेलला. संपला सामना! पण तेवढ्यात आमचा क्ले मॅथ्यूज कझिन्सवर पडला होता. रुमाल. झेल रद्द. सामना 29-29 बरोबरीत सुटला. पंच म्हणाले, भाराचा नियम नव्हे, उचलून आपटलं म्हणून दंड; पण त्या वर्षीचा कडकपणा आमच्याच मानगुटीवर बसला.

मॅथ्यूजने काय वेगळं केलं होतं हो? खांदा पोटात, हातांची मिठी. शाळेतल्या पोरांना असंच धरायला शिकवतात. पडणाऱ्या माणसाने स्वतःचं वजन ठेवायचं कुठे? पुढच्याच रविवारी मायामीच्या विल्यम हेजने समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक डेरेक कार याच्यावर भार पडू नये म्हणून अंग वळवलं आणि हेजच्याच गुडघ्याचा लिगामेंट फाटला. त्याचा हंगाम तिथेच संपला.

तेव्हा डोक्याचे आणि गुडघ्याचे नियम तसूभरही सैल करू नयेत, पण भाराचं कलम माझ्या हातात असतं तर मी ते काढून टाकलं असतं.

येत्या रविवारी चेंडू बघू नका. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल, तर त्याच्या डाव्या बाजूला, त्याला राखणाऱ्या भिंतीच्या टोकाला एक धिप्पाड गडी असतो. न दिसणारी बाजू राखायचं काम त्याचं. तो चुकला की पुढचं सगळं घडतं. आणि नातवाला नुसतं "29-29" एवढंच म्हणून बघा. हसला, तर यंदाच्या चकल्या त्याला न देता माझ्याकडे धाडा.