मंडळीने पाठवलं आहे का?

प्रिय लेकरा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. बायबल कॉलेज झालं, गेवराईकडच्या एका गावात नवी मंडळी, म्हणजे चर्च, सुरू करायचं ओझं मनावर आहे, आता कुठला कोर्स करू आणि सपोर्ट कोण देईल, असं विचारतोस. एवढ्या लांब पत्रात तुझ्या स्वतःच्या मंडळीबद्दल एक ओळ नाही. पाळक काय म्हणाले, मंडळीचे वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, काय म्हणाले, काहीच नाही. माझा जीव तिथेच अडकला.

मंडळीने पाठवल्याशिवाय जाऊ नकोस. तुझ्या पाचारणावर मला शंका नाही, म्हणूनच हे सांगतो.

बायबलमध्ये बघ, बर्णबाने शौलाला, म्हणजेच पुढच्या पौलाला, तार्साहून शोधून आणलं आणि दोघांनी अंत्युखियाच्या मंडळीत वर्षभर शिकवलं. पुढे त्याच मंडळीने उपास केला, हात ठेवले आणि त्यांना रवाना केलं. एवढ्यावर आपण सगळेच उपदेश करतो. पण प्रेषितांच्या कृत्यांतल्या चौदाव्या अध्यायाचा शेवट काढ. ते दोघे अंत्युखियाला परत आले, मंडळी जमवली आणि देवाने काय काय केलं ते सांगितलं. तू कुणापुढे बसून सांगणार आहेस? संस्थेला फोटो पाठवणं म्हणजे हिशेब नाही रे.

मला एका संस्थेने पाठवलं होतं. दरमहा पैसे यायचे, अहवाल जायचा. मग पैसे थांबले. बायको आजारी, खोलीचं भाडं थकलेलं, आणि आमच्यासाठी गुडघे टेकणारं एक घर मागे नव्हतं. ज्या मंडळीत मी वाढलो तिला मी कुठे आहे हेच कुणी कळवलं नव्हतं. आमची घरसभा विखुरली. त्यातली माणसं अजून बाजारात भेटतात, प्रेमाने सलाम करतात, आणि मला घरी येऊन जेवण जात नाही.

मंडळी काय शिकवणार, असं तुला वाटत असेल. बीडकडच्या कितीतरी मंडळ्या दिवाळीनंतर अर्ध्या रिकाम्या होतात. उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, साखर कारखान्यांकडे जातात ते हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत. रविवारी तुझ्यासमोर म्हातारी माणसं आणि मागे राहिलेली लेकरं. मग तिकडे उसाच्या फडावर पाळक कोण? जी बाई अडखळत का होईना वचन वाचते आणि दिवसभर मोळ्या वाहून आल्यावर कोपीपुढे, तिथल्या झोपडीपुढे, प्रार्थना घेते, ती. तिला उन्हाळा-पावसाळ्यात कसं तयार करायचं, हे ज्याने केलंय त्याच्या पाठीमागे चालूनच कळतं.

बाप्तिस्म्याचंही तसंच. आपल्याकडे कितीतरी घरांत पहिला प्रश्न जातीच्या दाखल्याचा असतो. 1950 च्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या सवलती जातात. शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये त्यात घेतलं, आपण बाहेरच आहोत. समोरच्या बापाच्या पोराची शिष्यवृत्ती त्यावर असते. त्याला सगळं खरं सांगायचं, घाई करायची नाही, आमिष तर कधीच नाही, आणि त्याने 'थांबतो' म्हटलं तरी त्याच्या घरी चहाला जात राहायचं. हे तू कुठल्या परीक्षेत लिहिलं होतंस?

आमच्याकडे पोरगा आधी आजाऱ्यांच्या घरी जातो. मग अर्पणाची वही सांभाळतो, दुसऱ्या कुणाच्या तरी सहीसोबत. मयतीला पाळकाशेजारी उभा राहतो. दोन भावांचं बांधाचं भांडण मिटवायला वडील बसतात तेव्हा गप्प बसून ऐकतो. घरसभा चालवतो, आणि ती दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला होता येतं का, हे आम्ही बघतो. ते ज्याला जमत नाही त्याला आम्ही पाठवत नाही, उपदेश कितीही गोड असो.

मी पोरांना अडकवून ठेवतो, असं लोक म्हणतात. म्हणू देत. जुन्या काळातले मिशनरी नारायण शेषाद्री, त्यांचा बाप्तिस्मा 1843 चा, पाळकपदाची दीक्षा 1854 ची, आणि जालन्याजवळची त्यांची ख्रिस्ती वसाहत बेथेल त्याच्याही नंतरची. तो सगळा काळ वाया गेला का? तरुण तीमथ्याला पौलाने सेवेत सोबत घेतलं तेही लुस्त्र आणि इकुन्या इथल्या बंधूंनी त्याच्याविषयी चांगली साक्ष दिल्यावर. मंडळीने ओळखलेला माणूस, मंडळीने पाठवलेला माणूस. मी यावरून हलणार नाही.

आणि हे तुझ्या पाळकांनाही लागू आहे. चांगला पोरगा सोडायला जीव होत नाही, मला ठाऊक आहे. पण अंत्युखियाने आपले सगळ्यांत चांगले दोघे दिले. तुला वर्षानुवर्षं नुसतं ढोलकीवर बसवलं असेल तर तो त्यांचा दोष, आणि तो मी त्यांच्या तोंडावर सांगेन.

आता एवढं कर. पुढच्या उपवास प्रार्थनेला पाळक आणि वडील एकत्र असतील, तेव्हा गावाचं नाव त्यांच्यापुढे मांड. वर्षभराचं शिक्षण माग, एक घरसभा माग, आणि तुझ्यासोबत त्या गावी येऊन-जाऊन राहील असं एखादं कुटुंब माग. भावाच्या दुकानातलं काम सोडू नकोस, पौलही तंबू शिवत होता. त्यांनी टाळाटाळ केली तर फोन कर, मी एसटीने येतो आणि त्यांच्याशी बोलतो. पण त्यांना वगळून सपोर्टसाठी माझं शिफारसपत्र मागू नकोस. ते मी देणार नाही.

आईला सलाम सांग.

तुझा,
काका