हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) बरा झाला, पण स्पीड गेला. तो परत येतो का?

येतो. मात्र नुसता टर्फवर (जाळी लावलेल्या छोट्या मैदानावर) खेळत राहिलास तर अर्धवटच येईल.

तू लिहिलंयस: वय 22, फुटबॉलमध्ये राइट विंगर (उजव्या कडेने हल्ला चढवणारा), घोडबंदर रोडला टर्फवर खेळतोस, अडीच महिन्यांपूर्वी हॅमस्ट्रिंग गेला, आता अजिबात दुखत नाही, तरी पहिल्या चार पावलांतच डिफेंडर गाठतो. (वय कळलं म्हणून अरे-तुरे करतोय.) मी नेरुळला फिजिओ आहे, ही तक्रार घेऊन पोरं दर सीझनला येतात.

या दुखापतीतून परतलेल्या फुटबॉलपटूंचे स्प्रिंट रडारने मोजले गेलेत. टॉप स्पीड बऱ्यापैकी शाबूत होता. कमी पडत होता तो सुरुवातीचा जोर, पायाने जमीन मागे रेटून अंग पुढे काढण्याचा. खेळायची परवानगी मिळाली तेव्हाही तो कमीच होता, पुढे दोनेक महिन्यांच्या नियमित सरावात भरून निघाला. तुझं नेमकं तेच झालंय.

आता टर्फचं. तिथल्या जाळीत पंधरा-वीस मीटर पळालास की थांबायचं, नाहीतर वळायचं. पूर्ण वेग लागतच नाही. आणि हा स्नायू बहुतेक वेळा फाटतो तो पूर्ण वेगातच, पुढे गेलेला पाय जमिनीला टेकायच्या जरा आधी, ताणलेला असताना. त्यामुळे महिनाभर टर्फवर सगळं झकास वाटतं आणि मग रविवारी मोठ्या मैदानावर अकरा-अकराची मॅच, एक लाँग बॉल, 80व्या मिनिटाला पुन्हा मांडी धरून खाली.

म्हणून आठवड्यातून दोनदा नॉर्डिक हा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम कर. गुडघ्यांखाली मॅट, मित्राने घोटे दाबून धरायचे, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ राहून जमेल तितकं सावकाश पुढे जायचं. कंबरेत वाकलास तर मोजायचं नाही. पाच-पाचचे दोन सेट पुरे. सुरुवातीला जिना उतरताना मला शिव्या घालशील, घाल. जोडीला हिप थ्रस्ट (पाठ बाकाला टेकवून कंबर वर उचलायची).

आणि मोकळ्या मैदानावर स्प्रिंट, आठवड्यातून दोन दिवस, सलग नकोत. 30-40 मीटर, आधी 70 टक्के जोराने, दर आठवड्याला थोडं वर. दर 10 मीटरमागे मिनिटभर विश्रांती घे. धापा टाकत पळालास तर स्टॅमिना वाढेल, स्पीड नाही. 5, 10 आणि 30 मीटरला खुणेचे प्लास्टिकचे शंकू ठेवून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट कर. तुझ्यासाठी 5 मीटरचा आकडा महत्त्वाचा.

इंग्लंडचा स्ट्रायकर मायकल ओवेनचं नाव काढून कोणी घाबरवेल. 1999 मध्ये, 19व्या वर्षी त्याचा हॅमस्ट्रिंग फाटला आणि वेग पुन्हा तसा राहिला नाही असं तो स्वतःच सांगतो. खरंय. पण त्याचा बॅलन डी'ओर (फुटबॉलमधला मानाचा पुरस्कार) 2001 चा, म्हणजे त्यानंतरचा.

फक्त बसताना बुडाच्या हाडाशी टोचत असेल किंवा पायात मुंग्या उतरत असतील, तर यातलं काहीही सुरू न करता आधी ऑर्थोपेडिकला दाखव.